विजोड जोडे

एकट्या माणसाची गोष्ट मुलांना फार आवडते. घरात आजी, आईबाप, धाकटी भावंडे, दारात कोंबड्या आणि वर्गात एका बाकावर तिघे, अशा दाटीत ज्यांचे सारे दिवस जातात, त्यांना निर्जन बेटावर किंवा घनदाट रानात एकट्याच सापडलेल्या माणसाचे एवढे वेड का असावे, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्या माणसाला कोणी "अभ्यासाला बस" म्हणत नाही, हे एक कारण असेल. पण ते काही खरे कारण नव्हे. खरे कारण असे की, त्या माणसाला सकाळी उठल्यापासून काहीतरी करायचे असते. निवारा उभा करायचा असतो, विस्तव पेटवायचा असतो, खायला शोधायचे असते आणि मिळाले ते पुरवायचे असते. पोरी आंब्याच्या झाडाखाली करवंटीची पातेली आणि मातीचा भात करून जे करतात तेच हे. रॉबिन्सन क्रूसो ही, खरे सांगायचे तर, एका दाढीवाल्या माणसाची भातुकली आहे.

डॅनियल डीफोची ही कादंबरी १७१९ साली निघाली. पुढे १७६२ साली रूसोने 'एमिल' लिहिले, तेव्हा आपल्या कल्पनेतल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिले पुस्तक म्हणून त्याने दुसरे काही न देता हेच दिले. मुलांना पुस्तके देऊच नयेत अशा मताच्या माणसाने केलेली ही शिफारस आहे, म्हणून तिला वजन आहे. मात्र रूसोचे नाव घेतले एवढ्यावरून माझ्या विद्वत्तेविषयी वाचकांनी भलता समज करून घेऊ नये. मी जुन्या भाषेत मॅट्रिक, नव्या भाषेत दहावी पास. दिवसा एका छोट्या शाळेत मानधनावर मुलांना मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. मिळकत दोन्हीकडे सारखीच, म्हणजे बेताची. पण दोन्ही धंद्यांचा एकमेकांना उपयोग होतो. कादंबरी कोठे लटकी पडते हे समीक्षकाच्या आधी सातवीच्या वर्गाला कळते.

आमची शाळा कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर, त्याच्या पुढे प्रबळगड आणि इर्शाळगड. दुसऱ्या अंगाला, हवा स्वच्छ असली म्हणजे, सह्याद्रीची निळी भिंत दिसते. कर्जतला मुंबईची लोकल येऊन उभी राहते, खालापुरातून द्रुतगती मार्गावरच्या मोटारी धावतात आणि या दोहोंच्या मध्ये, डोंगराच्या कुशीत, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यामुळे माझ्या वर्गात मुले दोन तऱ्हेची. कोणाचा बाप रेल्वेत, कोणाचा कारखान्यात, कोणी नव्या इमारतीत राहायला आलेले; आणि कोणी वाडीवरून पायवाट उतरून येणारे. पहिल्यांना रान म्हणजे सहल, दुसऱ्यांना रान म्हणजे सरपण. या दोघांना एका पुस्तकात बसवायचे म्हणजे मास्तराची परीक्षाच असते.

क्रूसोची मराठीतली लहान आवृत्ती मी काही वर्षे वाचून दाखवली. पण गलबते, गुलाम, बंदुका यांच्या गोष्टीत मुलांचे मन थोडे परके राहते. म्हणून अलीकडे मी दुसरी एक कादंबरी सांगतो. गॅरी पॉल्सन या अमेरिकन लेखकाची 'हॅचेट', म्हणजे हातकुऱ्हाड, १९८७ सालची. इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती रात्री वाचतो आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मराठीत सांगतो.

गोष्ट साधी आहे. ब्रायन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा. आईबाप वेगळे झालेले. सुट्टीत बापाकडे कॅनडाच्या उत्तरेला निघालेला, एका लहान विमानात. वैमानिक आणि तो, दोघेच. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि तो बसल्या जागी मरतो. विमान एका तळ्यात पडते. मुलगा कसाबसा बाहेर येतो. अंगावरचे कपडे आणि निघताना आईने दिलेली, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली कुऱ्हाड, एवढीच त्याची इस्टेट. तेथून पुढे चोपन्न दिवस तो त्या अरण्यात काढतो.

कमरेला कुऱ्हाड म्हटल्याबरोबर वाडीवरची पोरे सावरून बसली. त्यांच्या बापांच्या कमरेला, आकडीत अडकवलेला कोयता असतोच. आतापर्यंत माझ्या तासाला ती मागच्या बाकांवर बसून कौलांच्या फटी मोजत असत. आता ती पुढे सरकली आणि पाहता पाहता वर्गातले जाणते ती झाली. एरवी शुद्धलेखनात मार खाणारा मुलगा कॅनडाच्या ब्रायनच्या चुका काढू लागला.

आणि चुका तो पुष्कळ करतो. पहिल्या दिवशी भुकेपोटी कसलीशी लाल बेरासारखी फळे ओंजळी भरभरून खातो आणि रात्रभर पोट धरून लोळतो. रात्री अंधारात त्याच्या कपारीत साळिंदर शिरते, पायात काटे घुसतात, तो घाबरून कुऱ्हाड फेकतो, ती खडकावर आदळते आणि ठिणग्या उडतात. या ठिणग्यांवरून त्याला विस्तवाची युक्ती सुचते. साळिंदर आपल्याकडचेही रहिवासी असल्यामुळे वर्ग फार खूष झाला. पण ठिणगी पकडायला त्याच्याजवळ काही नसते. तो खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे करतो. नोट पेटत नाही. मग झाडाची पातळ साल सोलून, तिचे केसासारखे तंतू करून, त्यांत तो ठिणगी धरतो. माझ्या हिशेबाने ही त्या कादंबरीतली सगळ्यांत चांगली जागा आहे. वीस डॉलर म्हणजे किती रुपये याचा हिशेब फळ्यावर झाला, तेव्हा वर्ग अवाक् झाला. आणि ठाकरवाडीची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "नोट कशाला? साल तिथंच होती की."

तिच्या त्या वाक्यात अर्थशास्त्राचे एक प्रकरण मावेल. पण मला जास्त भावला तो तिचाच दुसरा प्रश्न. फळांचा भाग सांगून झाल्यावर तिने विचारले, "त्याला आजी नव्हती का, गुरुजी?"

प्रश्न वेडगळ नव्हे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कर्जतच्या बाजारात शेवळांच्या जुड्या येतात आणि त्यांच्याबरोबर काकडांचे वाटे येतात. शेवळे नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजतो. काकडाच्या आंबट रसाने ती खाज मरते. रानातले काही कंद कापून, उकळून, पाण्यात धुऊन घेतल्याशिवाय पोटात घालता येत नाहीत. हे पहिल्यांदा कोणाला कसे कळले असेल? कोणी तरी घसा खाजवून घेतला असेल, कोणी त्याहून जास्त किंमत दिली असेल. ते सारे आजीकडून नातीकडे आलेले आहे. वाडीवरच्या मुलीला रानात काय खावे हे ठाऊक असते, त्याचे कारण ती शूर आहे असे नव्हे. ती एकटी नाही, हे त्याचे कारण आहे. आणि ब्रायनवर आलेले संकट अरण्याचे नाहीच मुळी. अरण्यात ज्याला काही ठाऊक असते असे एकही माणूस जवळ नाही, हे त्याचे संकट आहे.

पॉल्सनला हे उमगलेले दिसते. कारण ब्रायन घाबरला की त्याला आठवण येते ती पर्पिच नावाच्या मास्तराची. तुझ्याजवळ सर्वांत मोलाचे जे आहे ते तू स्वतः आहेस, अशा अर्थाचे काहीसे त्या मास्तराने कधी तरी वर्गात सांगितलेले असते. हा मास्तर भाषेचा आहे, हे मी वर्गात दोनदा सांगितले. आपल्या धंद्याचा मान आपणच राखला पाहिजे.

आमच्या मुलखाला रानात तग धरून राहिलेल्यांची गोष्ट नवी नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल, १९४२ च्या चळवळीत विजेचे मनोरे पाडून भूमिगत झाले, ते आझाद दस्त्यासह याच डोंगरांच्या आश्रयाने हिंडत होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी २ जानेवारीला इकडची मुले त्यांचे स्मरण करतात. वर्गात मी विचारले, "इतके दिवस ही माणसे रानात जगली कशी?" कोणी म्हणाले धैर्याने, कोणी म्हणाले देशभक्तीने. मागून आवाज आला, "कोणीतरी भाकऱ्या नेऊन देत असणार." वाड्यावस्त्यांच्या आसऱ्यावाचून डोंगरात असे राहता येत नाही, हे त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते. तो वाडीवर राहत होता, एवढेच.

इथवर सारे मौजेचे झाले. पुढे जे आले त्यामुळे ही कादंबरी मला निराळी दिसू लागली.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, इर्शाळगडाच्या पोटातला डोंगर सुटला आणि खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी मातीखाली गेली. वाडी ठाकरांची. तेथे गाडीरस्ता नव्हता. चिखलाने निसरडी झालेली पायवाट चढून माणसे वर गेली आणि यंत्रे वर नेता येईनात म्हणून हातात फावडी-कुदळी घेऊन त्यांनी उकरायला सुरुवात केली. चार दिवस शोध चालला. सत्तावीस प्रेते मिळाली. सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला, तेव्हा ती डोंगरातच राहिली. ज्यांच्यावर दरड कोसळू शकते अशा गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारी वाडीची काही मुले वाचली आणि त्यांतल्या कित्येकांना घर उरले नाही. दोनच वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ रोजी, याच जिल्ह्यात महाडजवळ तळिये गाव असेच गेले होते.

ऑगस्टमध्ये मी गोष्टीचा धागा पुन्हा हाती घेतला. आमच्या वर्गात त्या वाडीशी सोयरीक असलेली मुले होती. त्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत मी ब्रायनने तळ्यात मासे कसे मारले ते सांगितले. पाण्यात मासा दिसतो तेथे तो नसतो, जरा खाली असतो, हे समजल्यावर त्याचा नेम लागतो. नदीवर बाणाने मासे मारणाऱ्यांच्या पोरांना यात काही नवल नव्हते. मग तास संपताना, कोणत्याही शाळेत कोणताही मास्तर अशा वेळी जे विचारतो ते विचारले गेले: ब्रायन जगला तो कशामुळे? उत्तरे ठरलेली होती. जिद्दीमुळे. हुशारीमुळे. डोके शांत ठेवल्यामुळे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत हीच उत्तरे असतात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात.

एक मुलगा उभा राहिला. एरवी तो बोलत नसे. म्हणाला, "मग वाडीवरची माणसं हुशार नव्हती का?"

पावसाचा आवाज तेवढा राहिला. माझ्या डोळ्यांसमोर ती माणसे उभी होती. त्यांना रानातले प्रत्येक झाड ठाऊक होते, कोणत्या ओहोळाला केव्हा पाणी येते ते ठाऊक होते, इर्शाळच्या सुळक्याशी ती लहानपणापासून खेळली होती. ब्रायनला चोपन्न दिवसांत जे शिकता आले नाही ते त्यांना जन्मतः येत होते. तरी ती गेली. झोपेत गेली. हातात कुऱ्हाड असती तरी काय होणार होते?

मी त्या मुलाला म्हणालो, "होती. फार हुशार होती." आणि पिशवीतून क्रूसोची जुनी प्रत काढून तिच्यातला, गलबत फुटल्यानंतरचा भाग मुलांना वाचून दाखवला. मूळ पुस्तकात ती जागा जेमतेम चार ओळींची आहे. वादळातून क्रूसो एकटा किनाऱ्याला लागतो. जीव वाचला म्हणून देवाचे आभार मानतो, वाळूवर वेड्यासारखा हिंडतो आणि सोबत्यांना शोधतो. त्यांच्यापैकी कोणी पुन्हा त्याच्या दृष्टीस पडत नाही. लाटांनी त्यांची एवढीच खूण किनाऱ्यावर आणून टाकलेली असते: तीन हॅट, एक टोपी आणि दोन जोडे, आणि तेही एका जोडीचे नव्हेत.

ते विजोड जोडे डीफोने कोठून आणले असतील? एका जोडीचे असते तर एकच माणूस बुडाला असे वाटले असते. विजोड म्हणजे दोन माणसे. निरनिराळ्या पायांची, निरनिराळ्या घरांची. ते पोहण्यात क्रूसोपेक्षा कमी होते, भित्रे होते, की आळशी होते, यांतले काहीही पुस्तक सांगत नाही. लाटेने याला खडकावर टाकले आणि त्यांना टाकले नाही, एवढेच. क्रूसोची हुशारी, त्याचे कुंपण, त्याच्या शेळ्या, त्याचे सातूचे शेत, हे सारे त्यानंतरचे. तसाच तो तळ्याच्या तळाशी विमानात बसलेला वैमानिक. ब्रायन पुढे विमानातली सामानाची पिशवी काढायला बुडी मारतो तेव्हा त्याला ते प्रेत दिसते आणि तो हबकून जातो. रानात जगलेल्याच्या प्रत्येक गोष्टीत, चार ओळींत का होईना, न जगलेला माणूस असतो. आपण घाईने पुढची पाने उलटतो म्हणून तो दिसत नाही.

आमच्या गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत' मध्येही तेच आहे. ठाकरांच्या वाडीतला नाग्या लिंगोबाच्या सुळक्यावरच्या राणीमाशीशी वैर मांडतो आणि जैत होते; पण त्या जैतीत चिंधी जाते. ढोल वाजत असतो आणि जिच्यासाठी वाजायचा ती नसते. जिंकणे हा शब्द डोंगरातल्या माणसांना इतका सोपा वाटत नाही.

म्हणून त्या वर्षापासून कशामुळे जगला हा प्रश्न आमच्या वर्गात विचारला जात नाही. मुलांना असे शिकवणे मला जड जाते की, जो सावध तो जगतो. कारण त्याची दुसरी बाजू, न बोलता, अशी निघते की जो गेला तो बेसावध होता. शहरातल्या वर्गात हे खपून जाईल. ज्या खिडकीतून इर्शाळचा सुळका दिसतो त्या वर्गात ते म्हणवत नाही. त्याऐवजी आम्ही असे विचारतो: वाचल्यावर त्याने काय केले? या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ आहेत आणि ती सारी पुस्तकात आहेत. तो रडला. पुष्कळ रडला. रडून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की पायाचे दुखणे तसेच आहे आणि अंधारही तसाच आहे. मग तो उठला. जे हाताशी होते ते त्याने मोजले. जे आठवत होते ते आठवले. शिजवायला मिळाले तेव्हा उद्यासाठी ठेवले. आणि परत घरी आल्यावर वाण्याच्या दुकानात मांडलेले अन्न पाहून तो कितीतरी दिवस नवल करीत उभा राहत असे. हे सारे शिकवता येते. हे सारे कोणाचीही मान खाली न घालता शिकवता येते. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या माणसांनीही हेच केले. आधी पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत, मग चौकजवळ सिडकोने बांधून दिलेल्या नव्या वस्तीत.

ही कादंबरी मी जूनमध्ये सुरू करतो आणि दिवाळीच्या आत संपवतो. यामागे वाङ्मयीन कारण काही नाही. दिवाळी झाली, भाताची झोडणी आटोपली की कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यात पोट भरायला मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला बायकापोरांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचे, ते पुढच्या पावसाच्या तोंडी परतायचे. एका सकाळी टेम्पो येतो, त्यात भांडी, कोंबड्या आणि मुले चढतात आणि माझ्या वर्गातले तीन बाक मोकळे होतात. रान त्यांना परके नसते. परका असतो तो भट्टीवरचा उघडा माळ. तेथे करवंदे नाहीत, खेकडे नाहीत, सावली नाही. आणि काय खावे हे सांगणारी आजी वाडीवरच राहिलेली असते. मला विचाराल तर ब्रायनचे चोपन्न दिवस तेथे सुरू होतात आणि त्यांचे सहा महिने होतात.

मागल्या दिवाळीच्या आधी शेवटची दोन प्रकरणे राहिली होती. वीटभट्टीला जाणारा एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आम्ही उद्या चाललो. पुढचं आताच सांगा." मी त्याला ओसरीवर बसवून सांगितले. वादळाने तळे ढवळले आणि विमानाचे शेपूट वर आले. ब्रायनने पिशवी काढली. तिच्यातल्या यंत्राची कळ त्याने नकळत दाबली आणि एका विमानाला हाक पोचली. ते तळ्यात उतरले आणि तो घरी गेला. मुलगा ऐकत होता. विमान उतरल्याचा त्याला विशेष आनंद झालेला दिसला नाही. थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरून त्याने विचारले, "परत आल्यावर पटावर त्याचं नाव होतं का?"

पुस्तकात मी असे काही वाचलेले नाही. हजेरीपटाची त्या लेखकाला काळजी असण्याचे कारणही नव्हते. पण पट आमच्या शाळेत माझ्याच कपाटात असतो.

"होतं," मी म्हणालो.